ओळख झाली की ‘द’

आमच्या इंग्रजीच्या सरांपुढे कुठलंही नाम उच्चारलं की त्यांचं उजव्या हाताचं बोट आपोआप अर्धवट वर यायचं. पूर्ण नाही, अर्धवट. जणू कुणाला तरी वर्गाच्या दारातच थांबवतायत. आणि मग प्रश्न यायचा, “कोणता?”

आमच्या वर्गात एक रिक्षावाला होता. एकदा तो धापा टाकत जिना चढून आला आणि म्हणाला, “सर, कुत्रा लागला मागं.”

बोट वर. “कोणता कुत्रा?”

“मला काय माहीत सर, कोणता ते!”

“मग अ डॉग. पुढं काय झालं?”

“पुढं मी पळालो, कुत्रा पण पळाला.”

“कोणता कुत्रा?”

“अहो सर, तोच!”

“मग आता द डॉग. पहिल्यांदा भेटला तेव्हा अ. एकदा ओळख झाली की द. बस, एवढंच आहे.” आणि सर समाधानानं मागे वळून फळ्यावर कुत्र्याचं चित्र काढू लागले. त्या बिचाऱ्याला कुत्रा चावला की नाही, हे विचारायचं राहूनच गेलं.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. एकाच गोष्टीनं झपाटलेली. सरांना इंग्रजीतल्या तीन शब्दांनी झपाटलं होतं: अ, ॲन आणि द. काळ, वाक्यरचना, स्पेलिंग हे सगळं ते शिकवायचे, पण उरकल्यासारखं. आर्टिकल आलं की त्यांचे डोळे चमकायचे. शहराच्या एका टोकाला, पडेगावात, एका पिठाच्या गिरणीच्या वर त्यांचा क्लास होता. खाली गिरणी सुरू झाली की फळा थरथरायचा, बाकांवर पिठाचा पातळ थर बसायचा आणि सर त्या आवाजावर आपला आवाज चढवून ओरडायचे, “अक्षर बघू नका! कान उघडे ठेवा! अ युनिव्हर्सिटी! ॲन अवर!”

मी तिथं का गेले ते सांगते. मी खुलताबादजवळच्या एका खेड्यातली. आजोबांची मेंढरं होती, वडिलांनी ती विकून जीप घेतली. मी डिप्लोमा करून चिकलठाण्यातल्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात लागले आणि पडेगावला मावशीकडे राहू लागले. काम यायचं, इंग्रजी लिहिताही यायचं, पण माझ्या वाक्यांत हे तीन शब्द कधीच नसायचे. मराठीत ते लागतच नाहीत. आपलं कुठं काय अडतं? शेवटी एक सहकारी म्हणाला, “शंका आली की नामाच्या आधी ‘अ’ लावत जा.” त्याच आठवड्यात मालाच्या एका लॉटला तडे सापडले. मी परदेशी ग्राहकाला मेल केला: ‘अ लॉट इज रिजेक्टेड.’ मला म्हणायचं होतं, एक लॉट नाकारलाय. त्यांनी वाचलं, पुष्कळसा माल नाकारलाय. त्यांनी घाबरून सगळाच माल उतरवून घ्यायचा थांबवला. त्या दिवशी साहेबांच्या केबिनमध्ये मी जे ऐकलं ते इथं लिहीत नाही.

पहिल्याच दिवशी मी हा किस्सा सरांना सांगितला. वाटलं, हसतील. ते हसले नाहीत. मान डोलावत म्हणाले, “व्याकरणाची चूक नाही ही, बाई. समोरच्याला काय माहीत आहे आणि काय नाही, एवढंच बघायचं असतं. आर्टिकल म्हणजे दुसरं काय? समोरच्याचा विचार.”

हे वाक्य मी मनात जपून ठेवलं होतं.

सर मूळचे आमच्याच बाजूचे. घरची जमीन होती, भाऊ ती बघायचे. सर बरीच वर्षं एका विनाअनुदानित शाळेत शिकवत राहिले आणि आज ना उद्या कायम होऊ या आशेवर पन्नाशीकडे झुकले. मग शाळा सोडून त्यांनी हा क्लास काढला. पँटच्या खिशाला कायम खडूचा पांढरा डाग. सीताफळाच्या दिवसांत ते दौलताबादच्या रस्त्यावरून पिशवीभर सीताफळं आणायचे आणि वाटता वाटता शिकवायचे. “हातात घेतलंस ते अ. आता खा. गोड आहे? काय गोड आहे?” आम्ही तोंडातल्या बिया सांभाळत एका सुरात, “द सीताफळ, सर!” बाहेरच्या कुणी ऐकलं असतं तर आम्हाला वेड लागलंय असंच म्हटलं असतं.

कुठं आर्टिकल लागत नाही, हे सांगताना तर ते फार रंगायचे. “जेवणाला लागत नाही. हॅव लंच, हॅव डिनर. भूक लागल्यावर कोण विचारतंय, कोणतं जेवण? आणि गो होम. घरी जायला अ नाही, द नाही, टू सुद्धा नाही. घरी जायला काही लागत नाही.”

कंपनीची बस कधी चिकलठाण्यातच उशिरा निघायची, कधी जालना रोडवर अडकायची. मी पोहोचेपर्यंत सर नवीन धडा सुरू करायचे नाहीत. जुन्याचीच उजळणी घेत बसायचे. मी दारात दिसले की म्हणायचे, “आली. चला, आता पुढं.” माझ्यासाठी असं कुणी कधी थांबलं नव्हतं. हे असं का म्हणते, ते पुढे कळेल.

तो उन्हाळ्यातला दिवस होता. वीज गेली होती, त्यामुळे गिरणी बंद होती आणि वर्गात नवलाची शांतता होती. सर म्हणाले, “आज पुस्तक नको. प्रत्येकानं एक गोष्ट सांगायची, इंग्रजीत. पण खरी. खोट्या गोष्टीत आर्टिकल जमत नाहीत, कारण त्यातली माणसं आपल्या ओळखीची नसतात.”

माझी पाळी आली. डोक्यात एकच गोष्ट होती. मी सुरुवात केली. अ मॅन वेंट टू द मार्केट विथ अ गर्ल. एक माणूस एका मुलीला घेऊन बाजाराला गेला. त्या माणसानं त्या मुलीला एका दुकानाच्या पायरीवर बसवलं. मग तो माणूस दारू प्यायला गेला. तिथून तो तसाच घरी गेला. मुलीला विसरला. बाजार उठला, दुकानदार फळ्या लावू लागला, तरी मुलगी पायरीवरच बसून होती, कारण माणूस म्हणाला होता, उठू नकोस.

सगळं मी इंग्रजीत सांगितलं आणि एकही आर्टिकल चुकलं नाही. मला स्वतःलाच आश्चर्य वाटलं. मी सरांकडे पाहिलं. वाटलं, शाब्बास म्हणतील.

बोट हळूच वर आलं. “कोणता मॅन?”

मी बाकावरचं पीठ बोटानं पुसू लागले.

“अ मॅन म्हणालीस. तू ओळखत नाहीस त्याला?”

सर हे फार हळू बोलले. गिरणी चालू असती तर ऐकूही आलं नसतं.

“माय फादर,” मी म्हणाले.

“आणि ती गर्ल?”

“आय.”

नर्सिंगचं काम करणारी एक मुलगी माझ्या शेजारी बसायची, तिनं माझा हात धरला. सर म्हणाले, “आता परत सांग. पहिल्यापासून.” मी परत सांगितलं. माय फादर टुक मी टू द मार्केट. या वेळी शेवटही सांगितला. पुढे दोन वर्षांनी वडिलांनी, आमच्या अण्णांनी, दारू सोडली, कायमची. ती कशी सोडली, त्या दिवसांत त्यांचे हात किती थरथरायचे, आणि आता ते आमच्या गावातली मुलं जीपमधून शाळेत ने-आण करतात, हे सगळं. बोलता बोलता मी रडत होते आणि इंग्रजी थांबत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदाच मी ते कुणाला तरी सांगत होते.

सरांनी फळा पुसला. “आज आर्टिकलं संपली,” म्हणाले. “माय आला की अ पण जातो आणि द पण जातो.”

त्या संध्याकाळी मी पायी घरी गेले. इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं.

यानंतर काही महिन्यांनी कंपनीच्या कँटीनमध्ये पॅकिंगमधली एक पोरगी मोबाइल पुढे करत म्हणाली, “ताई, ह्या तुम्हीच ना? आवाज तुमचाच वाटायलाय.”

व्हिडिओ होता. माझा चेहरा धूसर केलेला, पण ओढणी माझी, बाक आमचे, आवाज माझा. मागे उदास बासरी. माय फादर टुक मी टू द मार्केट. खाली मोठ्या अक्षरांत मराठी भाषांतर, अगदी दारूसकट. मग सर स्वतः पडद्यावर आले, इस्त्रीचा शर्ट घालून. “माझी एक विद्यार्थिनी. खुलताबादकडची. मेंढपाळाच्या घरातली. बाप दारुडा. बाजारात पोरीला विसरून जाणारा. आज ती मोठ्या कंपनीत आहे. फक्त तीन शब्दांनी तिचं आयुष्य बदललं.” शेवटी क्लासची पाटी, फोन नंबर आणि ‘नवीन बॅचचे प्रवेश सुरू’.

दारू सुटल्याचं त्यात नव्हतं. हात थरथरल्याचं नव्हतं. जीपचं नव्हतं.

सरांचा मोबाइल टेबलावर पाण्याच्या बाटलीला टेकवून उभा असायचा, हे आम्ही सगळेच रोज पाहायचो. ते त्यात वेळ बघतात, असं मला वाटायचं.

संध्याकाळी मी गेले. सर खूश होते. मला दारात पाहून उठून उभे राहिले. “पाहिलास? किती लोकांनी पाठवलाय पुढं! लोक रडायलेत बघून.”

“सर, मला विचारलं नाहीत.”

“तुझा चेहरा कुठं दाखवला? नाव घेतलं का तुझं? अ स्टुडंट म्हणालो मी. अ स्टुडंट. कुणीही असू शकते.”

हे ते मला सांगत होते. मला.

“सर, खुलताबादकडची, मेंढपाळाच्या घरातली, कंपनीत लागलेली. आमच्याकडे अशी एकच आहे. ऐकणाऱ्याला माहीत असलं की द लागतो, हे तुम्हीच शिकवलंय.”

त्यांचं बोट वर आलं नाही. ते खडूचा डबा सरकवत राहिले. मग म्हणाले, “तू मनाला लावून घेऊ नको. चांगल्यासाठीच केलंय. तुझ्यासारख्या किती मुली येतील शिकायला.”

“अण्णांनी दारू सोडली, तेही मी सांगितलं होतं. ते का काढून टाकलंत?”

सरांनी खडूच्या डब्याचं झाकण लावलं. “ते ठेवलं की गोष्ट लांबते,” म्हणाले. “जोर राहत नाही.”

मी काढून टाका म्हणाले. ते बघतो म्हणाले. पुढच्या आठवड्यात कधीतरी तो व्हिडिओ क्लासच्या पानावरून गेला, पण तोवर खुलताबादच्या निम्म्या मोबाइलमध्ये जाऊन बसला होता.

मी गावी गेले तेव्हा जीप घरापुढे उभी होती, ताडपत्री टाकून. तो शाळेचा दिवस होता. आई दारातच म्हणाली, “पोरं पाठवीनात लोक. शाळेवाले म्हणले, थोडे दिस थांबा.” अण्णा गोठ्याशी विळ्यानं कडबा तोडत बसले होते. माझ्याकडे बघितलं नाही.

“अण्णा,” मी म्हणाले.

“खरंय ते,” ते म्हणाले. “इसरलो व्हतो तुला. मी काय नाय म्हणत नाय.”

“अण्णा, मी पुढचं पण सांगितलं होतं. तुम्ही सोडली ते. त्यांनी काढलं ते.”

“व्हय?” एवढंच. कडबा तोडणं चालूच. मग हात थांबला. “तू मला कधी बोलली नाय त्याच्याबद्दल. येवढ्या वर्षांत एकदा नाय. आन् त्या मास्तरला सांगितलं.”

मी खाली पडलेली कडब्याची एक काडी उचलली.

“इंग्रजीत सोपं जातं का?” त्यांनी विचारलं. टोमणा नव्हता तो. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

“व्हय अण्णा. लई सोपं जातं.”

त्यांनी विळा बाजूला ठेवला. “मग आता मराठीत सांग. मला सांग.”

मी त्यांच्याजवळ बसले आणि सांगितलं. पायरी, दुकान, फळ्या, अंधार होत गेला ते, लघवीला लागली तरी उठले नाही ते. हे शेवटचं मी वर्गातही बोलले नव्हते. अण्णा खाली बघून ऐकत राहिले. मधे एकदाही थांबवलं नाही. आई चहा घेऊन आली, तशीच उभी राहिली, मग आत निघून गेली.

दुसऱ्या दिवसापासून अण्णा घरोघर गेले. ज्यांची पोरं जीपमधून यायची त्या प्रत्येकाच्या दारात. “व्हय, मी पीत व्हतो. आता पीत नाय. कवाबी या, सकाळी या, सांजच्याला या, तोंडाचा वास घ्या.” आणि एका म्हातारीनं खरोखरच घेतला. त्यांच्या तोंडाशी नाक नेऊन हुंगलं आणि म्हणाली, “तंबाखूचा येतोय नुसता. जा रे पोरा, बस गाडीत.” तिचा नातू पहिला. हळूहळू बाकीचेही आले, सगळे नाही. दोन घरं अजूनही मुलांना मोटारसायकलवर सोडतात आणि अण्णा दिसले की दुसरीकडे बघतात. अण्णाही मग त्यांच्याकडे बघत नाहीत.

मी क्लास सोडला. पण इथंच खरी अडचण आहे, आणि ती तुम्हाला समजेल असं वाटतं. एखाद्यानं दिलेली वस्तू परत करता येते, तोंड बघणं बंद करता येतं. त्यानं शिकवलेलं कुठं नेऊन टाकणार? आज मी ऑडिटला परदेशी पाहुण्यांसमोर उभी राहते आणि न अडखळता बोलते. कारखान्यातले नवे इंजिनिअर आपले मेल मला दाखवून घेतात. एखाद्या नामाशी मी थबकते, आणि कानात पहिला आवाज येतो तो सरांचाच. “कोणता?” उत्तर बरोबर येतं, आणि त्याच क्षणी इस्त्रीचा शर्ट घातलेले, पडद्यावरचे सरही समोर येतात. हे रोज होतं. सवय होईल म्हणतात. अजून तरी झालेली नाही.

मला असंही वाटून गेलंय की त्या उन्हाळ्याच्या दिवशी, बोट वर करून मला हळूच विचारताना, सर खोटे नव्हते. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या, ते मी पाहिलंय. मोबाइलमधलं ते रेकॉर्डिंग रात्री घरी जाऊन परत बघताना त्यांना दुसरं काहीतरी सुचलं असेल. की आधीपासूनच सुचलेलं होतं, आणि म्हणूनच ते इतके हळू बोलले? हे मला कधीच कळणार नाही. फसवणुकीचं सगळ्यात वाईट हेच असतं. ती पुढे तर पुरतेच, पण मागे जाऊन चांगल्या दिवसांनाही हात लावते. आता मला ती सीताफळंसुद्धा संशयानं आठवतात.

सरांना शेवटचं पाहिलं ते त्या नर्सिंगवाल्या मैत्रिणीच्या लग्नात, बीड बायपासच्या एका लॉनवर. क्लासमधले सगळे आले होते. कुणीतरी म्हणालं, सरांनी त्या व्हिडिओनंतर क्लाससाठी घेतलेला मोठा हॉल चालला नाही. आधी मुलं खूप आली, मग येईनाशी झाली. काय खरं कोण जाणे. मी ताट घेऊन उभी होते, तेवढ्यात बाजूला कुणीतरी येऊन उभं राहिलं. बारीक झाले होते. शर्टाची कॉलर मानेपासून सुटलेली दिसत होती.

“हाऊ आर यू?” सर म्हणाले. “हाऊ इज द जॉब?”

“बरं चाललंय, सर.”

ते हसले, वर्गात हसायचे तसेच. “इंग्लिश, इंग्लिश. आय वाँट टू हिअर युवर इंग्लिश.”

माझ्याजवळ त्याचं उत्तर होतं. चांगलं, लांब, एकही चूक नसलेलं उत्तर. कित्येक दिवस ते मी मनात घोळवलं होतं. बसमध्ये, आंघोळ करताना, मेल लिहिताना. सर माझ्या तोंडाकडे बघत होते, उत्सुकतेनं, एखाद्या नव्या विद्यार्थ्यानं पहिलं वाक्य जुळवावं तसे.

“जेवून घ्या, सर,” मी म्हणाले. “गार व्हायलंय.”

अजून काहीतरी येईल असं त्यांना वाटत असावं. मग आपल्या ताटाकडे बघितलं, पहिल्यांदाच दिसल्यासारखं, आणि मान हलवली. मागून वरातीची माणसं आली, मधे गर्दी झाली. मी हात धुवायला गेले.

सर त्यानंतर पुण्याला गेले असं कळलं. फोन नंबरही बदलला म्हणे. त्या दिवशी हात धुऊन मी परत आले तेव्हा ते तिथं नव्हते. कुंपणाच्या कठड्यावर त्यांचं ताट ठेवलेलं होतं, तसंच्या तसं. पुऱ्या बसल्या होत्या, वरणावर साय धरली होती, आणि एक वाढपी ते ताट उचलावं की नाही या विचारात इकडेतिकडे बघत उभा होता.